असिमेट्रिक स्पिनेकर: निवड, जोडणी, चढवणं आणि मुख्य म्हणजे उतरवणं

तीस-चाळीस फुटांच्या क्रूझिंग बोटीवर वारा मागून आला की जेनोआचा, म्हणजे नाळेवरच्या पुढच्या शिडाचा, जीव जातो. मेनसेलच्या, म्हणजे मागच्या मुख्य शिडाच्या, आडोशाला तो लोंबकळत राहतो, बोट चार नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) रेंगाळते आणि थोड्या वेळाने कोणीतरी इंजिनाची किल्ली फिरवतं. असिमेट्रिक स्पिनेकर हे मोठं, हलकं, फुगणारं शीड याच वेळेसाठी असतं. सिमेट्रिक स्पिनेकरसारखा त्याला आडवा पोल लागत नाही. त्याचा पुढचा खालचा कोपरा, म्हणजे टॅक, बोटीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) किंवा बोस्प्रिटच्या, म्हणजे नाळेतून पुढे काढलेल्या दांड्याच्या, टोकाला बांधलेला असतो आणि मागच्या कोपऱ्यापासून, म्हणजे क्लूपासून, दोन शीट, म्हणजे शीड ओढायच्या-सोडायच्या दोऱ्या, मागे येतात. दोन माणसांना तो आरामात हाताळता येतो.

विकत घेताना लोक आधी आकार बघतात, मग रंग, आणि शीड खाली कसं आणायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. क्रम उलटा हवा. बोटीवर नेहमी किती जण असतात, त्यातलं नाळेवर जाऊन काम कोण करणार आणि वारा वाढला तर शीड किती मिनिटांत डेकवर येईल, ही उत्तरं आधी मिळवा. कापड, क्षेत्रफळ, शीड आवरायला स्नफर की फर्लर हे सगळं त्यावरून ठरतं.

भासमान वारा फसवतो

खरा वारा १२ नॉट आहे, तो नाळेपासून १५० अंशांवर, म्हणजे मागच्या कोपऱ्यातून येतोय आणि बोट ६ नॉटने चालली आहे असं धरा. डेकवर जाणवणारा भासमान वारा फक्त ७.४ नॉट भरतो. ऊन छान, पाणी सपाट, सगळे खूश. आता काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळली आणि वारा थेट बाजूने, ९० अंशांवर आला. वेग तोच राहिला तर भासमान वारा १३.४ नॉट होतो. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे खरा वारा तिळभरही न वाढता शिडावरचा भार तिपटीहून जास्त झाला.

७२ चौरस मीटरच्या शिडावर भासमान १० नॉटला ढोबळ मानाने १५० किलो जोर येतो, १५ नॉटला ३४० आणि २० नॉटला ६००. म्हणून शीड उतरवण्याचा निर्णय भासमान वाऱ्यावरून घ्यायचा नाही, खऱ्या वाऱ्यावरून घ्यायचा. दोघांच्या चमूने खरा वारा १५ नॉटच्या आसपास स्थिरावला की उतरवावं. सात-आठ नॉटची झुळूक अंगावर घेत बसलेल्या माणसाला हे पटत नाही, पण तेव्हाच उतरवणं सोपं असतं.

कोणता आकार

शीडवाले असिमेट्रिकला क्रमांक देतात: ए१, ए२, ए३ असे. विषम क्रमांक बाजूच्या वाऱ्यासाठी, सम क्रमांक मागच्या वाऱ्यासाठी. क्रमांक वाढेल तसं शीड जास्त वाऱ्याचं. ए२ म्हणजे रुंद खांद्यांचं, खोल, म्हणजे वारा जवळजवळ मागून घेत, चाललेल्या बोटीसाठी. ए३ थोडं लहान, सपाट आणि बाजूच्या वाऱ्यावर शिस्तीत वागणारं. कोड झीरो मात्र वेगळीच जात आहे: ताठ लफ (शिडाची पुढची उभी कड), सपाट पोट, हलक्या वाऱ्यात वाऱ्याच्या जवळ चालण्यासाठी. मागच्या वाऱ्यासाठी कोड झीरो घेऊ नका, कोणी कितीही सवलत दिली तरी.

क्रूझिंगला एकच स्पिनेकर घ्यायचा असेल तर ए२ आणि ए३ यांच्या मधला. शीडवाल्याला नेमका प्रश्न विचारा: फूटच्या तुलनेत मिड-गर्थ किती? फूट म्हणजे शिडाची खालची कड; लफ आणि लीच या पुढच्या-मागच्या दोन उभ्या कडांच्या मध्यबिंदूंना जोडणारी रुंदी म्हणजे मिड-गर्थ. ती फूटच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल तर शर्यतीत बोटींची तुलना करणाऱ्या रेटिंगच्या बहुतेक नियमांत ते स्पिनेकर धरलंच जात नाही. ८५ टक्क्यांच्या आसपासचं शीड बाजूच्या वाऱ्याला बरं. ९५ आणि त्याहून पुढचं मागच्या वाऱ्याला. सर्वसाधारण प्रवासाला ९० ते ९५ योग्य.

क्षेत्रफळ स्वतः तपासता येतं. आयआरसी या रेटिंग पद्धतीत लफ आणि लीचची सरासरी घ्यायची. फूटमध्ये चार मिड-गर्थ मिळवून पाचाने भागायचं. दोन्हींचा गुणाकार करून ०.८३ ने गुणायचं. ३५ फुटी बोटीचं उदाहरण घेऊ: लफ १३.४ मीटर, लीच १२.२, फूट ७.०, मिड-गर्थ ६.७. सरासरी १२.८, रुंदी ६.७६, उत्तर ७२ चौरस मीटर. जाहिरातीतला आकडा आणि हे उत्तर यांत मोठा फरक दिसला तर शीडवाल्याकडून मोजमापं लेखी मागवा.

लफची लांबी ठरवताना कर्णाचं माप घ्या: हॅलयार्डच्या (शीड वर चढवायच्या दोरीच्या) ब्लॉकपासून, म्हणजे पुलीपासून, टॅकच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर. त्यातून स्नफरच्या वरच्या जोडणीचे आणि शॅकलचे (जोडकडीचे) मिळून अर्धा मीटर वजा करा. माप बोटीवर फीत लावून घ्यायचं, माहितीपत्रकातलं नाही. नंतर बसवलेला बोस्प्रिट किंवा मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकाला खाली लटकणारा ब्लॉक माहितीपत्रकात नसतो. लफ १० सेंटिमीटर जास्त झाली तरी टॅक लाइन (टॅक खाली ओढणारी दोरी) ताणायला जागा उरत नाही आणि बाजूच्या वाऱ्यात लफ फडफडत राहते.

कापड रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू न देणाऱ्या विणीच्या, नायलॉनचं. ०.७५ औंस नावाने विकलं जाणारं कापड प्रति चौरस मीटर सुमारे ४० ग्रॅमचं असतं आणि ४५ फुटांपर्यंतच्या बोटींना तेच पुरतं. त्याहून मोठ्या बोटींना १.५ औंस. अर्ध्या औंसाचं कापड हलक्या वाऱ्यात सुंदर भरतं, पण ते शर्यतवाल्यांचं. लहान बोटीलाही मजबुतीच्या नावाखाली १.५ औंस घेणारे असतात. पाच-सहा नॉटच्या वाऱ्यात ते शीड उघडतच नाही, म्हणजे ज्या वाऱ्यासाठी घेतलं त्याच वाऱ्यात निरुपयोगी.

स्नफर की फर्लर

स्नफर म्हणजे संपूर्ण शिडावर चढणारी लांब कापडी नळी. तिच्या खालच्या तोंडाला फायबरचं कडं असतं आणि एका अखंड दोरीने ती वर-खाली होते. स्वस्त, दुरुस्त करायला सोपा आणि कोणत्याही आकाराच्या असिमेट्रिकला चालतो. पण कोणीतरी नाळेकडे उभं राहायला हवं.

टॉप-डाउन फर्लरमध्ये टॅकजवळ ड्रम, वर स्विव्हल (मोकळा फिरणारा सांधा) आणि मध्ये पीळ वर पोचवणारी केबल असते. ड्रम फिरला की शीड वरून खाली गुंडाळलं जातं. सगळं कॉकपिटमधून, म्हणजे मागे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून. खर्च स्नफरच्या कितीतरी पट, हॅलयार्ड खूप ताठ ठेवावी लागते, आणि गुंडाळी सैल झाली तर वाऱ्यात मधूनच फुगा निघतो. तो फुगा आत घेणं हा वेगळा व्याप. ४० फुटांपर्यंतच्या बोटीवर दोन धडधाकट माणसं असतील तर स्नफरच घ्यावा. एकट्याने चालवणाऱ्याने आणि ४५ फुटांवरच्या बोटीने फर्लरचे पैसे खर्च करावेत.

स्नफर घेताना दोनच गोष्टी बघा: वर-खाली करणारी दोरी वेगळ्या शिवलेल्या पट्टीतून जाते का, आणि कडं पुरेसं रुंद आहे का. दोरी शिडाच्या बाजूने मोकळी जात असेल तर ती आज ना उद्या कापडात अडकणार.

जोडणी

हॅलयार्डपासून सुरुवात. ती फोरस्टेच्या, म्हणजे मास्टपासून नाळेपर्यंत ताणलेल्या तारेच्या, वरून आणि पुढून यायला हवी. जेनोआची जादा हॅलयार्ड वापरण्याचा मोह होतो. पण तिची पुली फोरस्टेच्या मागे असते, शीड बाजूला झुकलं की दोरी फोरस्टेवर आणि फर्लिंगच्या स्विव्हलवर घासते आणि काही तासांत वरचं आवरण फाटतं. मास्टच्या टोकाला पुढे काढलेला कंस आणि त्याला सर्व बाजूंनी फिरणारा ब्लॉक लागतो. ३५ फुटी बोटीला १० मिलिमीटर, डायनिमाचा (फार कमी ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) गाभा आणि पॉलिएस्टरचं आवरण. कॉकपिटपर्यंत आणायची असेल तर ३२ मीटरच्या आसपास. दूरच्या प्रवासात दर तीन-चार तासांनी हॅलयार्ड १० सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवा, म्हणजे घर्षण एकाच जागी होणार नाही.

टॅकची जागा फोरस्टे आणि पल्पिट (नाळेवरचा कठडा) दोन्हींच्या पुढे हवी. बोस्प्रिट नसेल तर नांगराच्या रोलरचा मजबूत कंस चालतो, पण तिथे ओढ वरच्या दिशेने येते हे ध्यानात ठेवा. नांगराची साखळी त्या कंसाला खाली दाबते. त्याचे बोल्ट वर उचलणाऱ्या ओढीसाठी बसवलेले असतीलच असं नाही. आरपार बोल्ट आणि खाली धातूची पट्टी आहे का ते डेकखाली डोकं घालून बघा. नांगर काढून ठेवा. त्याचं टोक नायलॉनला एकदा लागलं तरी पुरे. बोस्प्रिट काढ-घाल करण्याचा असेल तर त्याच्या टोकापासून पाण्यालगत नाळेपर्यंत बॉबस्टे, म्हणजे त्याला खालून धरणारी तार, हवाच.

टॅक लाइन थेट बांधायची नाही. टॅकजवळच्या ब्लॉकमधून ती मागे कॉकपिटमधल्या क्लचवर (दोरी पकडून ठेवणाऱ्या चापावर) आणायची, म्हणजे शीड चालू असताना टॅक वर-खाली करता येतो. १० मिलिमीटर, कमी ताणणारी, १६ मीटर. दोरी जवळजवळ उलट दिशेला वळत असेल तर ब्लॉकवर तिच्या ताणाच्या दुप्पट भार येतो; काटकोनात वळली तर १.४ पट. त्यात शीड एकदम भरल्याचा झटका धरा. आपल्या उदाहरणातल्या बोटीला टॅकच्या ब्लॉकची सुरक्षित क्षमता ८०० किलोच्या खाली घेऊ नका. टॅक आणि टॅक लाइन यांच्यामध्ये ताणाखालीही उघडता येणारा स्नॅप शॅकल ठेवा.

शीट दोन. प्रत्येकी बोटीच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ३५ फुटी बोटीला २२ मीटर. बाहेरून जाइब (वारा मागे ठेवून शिडांची बाजू बदलणं, त्याबद्दल पुढे) करणार असाल तर अडीच पट. हाताला बरी वाटावी म्हणून जाडी १० मिलिमीटर. हलक्या वाऱ्यात ८ मिलिमीटर चांगली, कारण जड शीट क्लूला खाली ओढते. क्लूला धातूचा शॅकल लावू नका. फडफडणाऱ्या क्लूवरचा शॅकल डोक्यात बसला तर काय होतं ते सांगायला नको. दोन बोलाइन गाठी किंवा डायनिमाचा सॉफ्ट शॅकल. शीट बोटीच्या मागच्या कोपऱ्यातल्या ब्लॉकमधून विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या ढोलावर) येते. तो ब्लॉक जितका मागे तितकं बरं. सगळी दोरी लाइफलाइनच्या (डेकच्या कडेने लावलेल्या सुरक्षा तारेच्या) बाहेरून, हे बंदरातच बोटाने दाखवत एकदा पूर्ण तपासा. शीटच्या टोकाला गाठ मारायची नाही. प्रसंग आला तर ती ब्लॉकमधून सुटून जाता आली पाहिजे. हॅलयार्डच्या टोकाला मात्र गाठ हवी, नाहीतर ती मास्टच्या वर जाऊन बसेल.

मास्टवरच्या आणि स्प्रेडरवरच्या (मास्टच्या आडव्या हातांवरच्या) स्प्लिट पिनांना टेप गुंडाळा. पल्पिटवर आणि लाइफलाइनच्या जोडांवरही. शिडं फाटतात ती बहुतेक याच ठिकाणी अडकून.

चढवणं

पहिल्या वेळी खरा वारा ६ ते ८ नॉट, मोकळं पाणी आणि पुढे किमान दोन मैल आडकाठी नाही असा दिवस निवडा.

१. घरी किंवा क्लबाच्या हिरवळीवर शीड हेडपासून (वरच्या कोपऱ्यापासून) दोन्ही कडांनी खालपर्यंत चाचपून पीळ काढा आणि मग स्नफरमध्ये भरा. लफवर रंगीत टेप नसेल तर लावून घ्या. पिळलेलं शीड स्नफरमध्ये गेलं की ते उघडेपर्यंत कळत नाही.

२. पिशवी वाऱ्याआडच्या बाजूला पल्पिटमागे बांधा. टॅक, शीट, हॅलयार्ड या क्रमाने जोडा. हॅलयार्ड जोडल्यावर वर मान करून बघा: ती फोरस्टेला गुंडाळलेली तर नाही ना?

३. बोट १४० ते १५० अंशांवर आणा. जेनोआ अजून उघडाच ठेवा. त्याच्या आडोशाला स्नफर शांत राहतो.

४. टॅक बोस्प्रिटच्या टोकापर्यंत ओढा, मग हॅलयार्ड पूर्ण वर. स्नफर आता दोरखंडासारखा लटकतोय. तो पिळलेला दिसला तर इथेच थांबा.

५. जेनोआ गुंडाळा. शीटचे विंचवर दोन वेढे, पण शीट ढिली.

६. स्नफर वर घ्या. शीड अर्धं भरलं की वारा स्वतःच त्याला वर ढकलतो. मग स्नफरची दोरी मास्टजवळच्या क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंटीला) सैल बांधा. ती हाताला गुंडाळायची नाही, कधीही नाही. वर झेपावणारं कडं माणसाला डेकवरून उचलू शकतं.

७. आता शीट हळूहळू ओढा.

लावणी

शीट सोडत जा, लफची कड वरच्या भागात हातभर आत वळू लागेल. तिथून थोडी ओढा. कड जेमतेम वळण्याच्या सीमेवर असते तेव्हा शीड सर्वात चांगलं चालतं. नवशिक्यांचं शीड जवळजवळ नेहमी जास्त ओढलेलं असतं. दिसायला ते स्थिर असतं, पण बोट कलंडते आणि सुकाणू जड होतं.

टॅक लाइन बाजूच्या वाऱ्यात ताठ, मागच्या वाऱ्यात अर्धा ते एक मीटर सैल. सैल केल्यावर लफ वाऱ्याच्या दिशेने फिरली तर बरोबर. वाऱ्याआड कलली तर जास्त सोडली, परत घ्या.

थेट मागच्या वाऱ्यात असिमेट्रिक चालत नाही. मेनसेल त्याचा वारा अडवतं. १५० अंशांवर नागमोडी जायचं ठरवलं तर अंतर सरळ रेषेपेक्षा १५ टक्क्यांनी वाढतं, १६० अंशांवर ६ टक्क्यांनी. वेग त्याहून जास्त वाढत असेल तरच वळसा फायद्याचा. हलक्या वाऱ्यात तो बहुतेक वेळा वाढतो, १५ नॉटच्या वर क्वचितच. दुसरा मार्ग म्हणजे मेनसेल उतरवून फक्त स्पिनेकरवर खोल जाणं. लांबच्या प्रवासात ते आरामाचं, पण मग उतरवताना मेनसेलचा आडोसा मिळत नाही.

जाइब

शर्यतवाले शीड उघडं ठेवून क्लू फोरस्टेपुढून दुसऱ्या बाजूला नेतात. आतून जाइब करायचा तर रिकामी (ताण नसलेली) शीट फोरस्टे आणि स्पिनेकरची लफ यांच्या मधून जाते. बाहेरून करायचा तर लफच्याही पुढून. बाहेरच्या पद्धतीत शीट नाळेखाली पडून थेट सुकाणूत किंवा इंजिनाच्या पंख्यात जाण्याची भीती असते. दोघांच्या चमूला सरळ सल्ला: स्नफर खाली घ्या, मेनसेलचा जाइब करा, शीट दुसऱ्या बाजूला फिरवा, स्नफर वर. पाच-सात मिनिटं जातात, जाऊ देत.

उतरवणं

बोट १५० ते १६० अंशांवर वळवा, मेनसेल पूर्ण बाहेर. स्पिनेकर त्याच्या सावलीत आला पाहिजे. मग शीट भरपूर सोडा, हातभर नव्हे, कित्येक मीटर. इथे कंजूषपणा केला की भरलेल्या शिडावर स्नफर ओढत बसावं लागतं आणि तो अर्ध्यात अडकतो. खाली ओढायची दोरी डेकवरच्या स्नॅच ब्लॉकमधून (बाजूने उघडणाऱ्या पुलीतून) घेतली तर बसून ओढता येते. कडं खालपर्यंत आलं की हॅलयार्ड विंचवरूनच सावकाश सोडा.

स्नफर अडकलाच तर दुसरी वाट आधीपासून ठाऊक हवी. रिकामी शीट बूमच्या (मेनसेलखालच्या आडव्या दांड्याच्या) वरून, मेनसेलच्या फूटखालून आत घ्या, टॅकचा शॅकल उघडा, आणि हॅलयार्ड थोडी थोडी सोडत शीड त्या फटीतून थेट केबिनच्या दारात ओढा. मेनसेलची फूट बूमला सगळीकडे बांधलेली असेल तर ही फट नसते. मग शीड बूमखालून ओढायचं. वाऱ्यात हे करावं लागण्याआधी बंदरात एकदा करून पाहा.

बिघाड आणि त्यांची कारणं

शीड फोरस्टेभोवती गुंडाळून डमरूसारखं होतं. कारण जवळजवळ नेहमी एकच: फार खोल जाणं, लाटांवर डुलणं आणि मेनसेलच्या आडोशात शीड रिकामं होणं. ओढाताण केल्यास गाठ घट्ट होते. मेनसेलचा जाइब करा. त्याच्यामागचा वारा उलट फिरतो आणि शीड बहुतेक वेळा ज्या वाटेने गुंडाळलं त्याच वाटेने सुटतं.

ब्रोच, म्हणजे बोट आडवी होऊन वाऱ्याकडे झपकन वळणं. सुकाणू पाण्याबाहेर आलं की चाक फिरवून उपयोग नाही. शीट सोडा, लगेच बूमची व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) सोडा, बोट उभी राहिली की वाऱ्यापासून वळवा. म्हणून जोराच्या वाऱ्यात शीट क्लचमध्ये अडकवून कोणी चहा प्यायला आत जात नाही.

शीड पाण्यात पडलं तर बोट थांबवा. एक कोपरा धरून ठेवा, बाकीचे दोन सोडा, आणि कडेकडेने ओढा. तिन्ही कोपरे धरले तर ते पाण्याने भरतं आणि दोन माणसांना हलत नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक दोरी डेकवर आहे का मोजा.

कोकण किनाऱ्यावर

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या बोटीला दुपारी वायव्येचे खारे वारे मिळतात. किनारा साधारण आग्नेय-दक्षिणेकडे धावतो, त्यामुळे वारा उजव्या मागच्या कोपऱ्यातून, जवळपास १५० अंशांवर येतो. या शिडासाठी याहून सोयीचा कोन नाही. दुपारी वारा वाढत जातो म्हणून सकाळची झुळूक बघून मोठं शीड चढवताना तीन वाजता काय होईल याचा विचार करा. सूर्यास्ताच्या आधी उतरवा. अंधारात मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगे आणि किनाऱ्याजवळच्या डोल जाळ्यांचे खुंट शेवटच्या क्षणी दिसतात आणि स्पिनेकर लावलेल्या बोटीला वाऱ्याकडे पटकन वळता येत नाही. रात्री जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर जेनोआ आणि मेनसेल पुरेसे असतात. परतीचा प्रवास वाऱ्याच्या तोंडाचा, तेव्हा पिशवी तळाशी ठेवायला हरकत नाही.

पावसाळ्यात शीड बोटीवर ठेवू नका. मे संपण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर हवेतला ओलावा शोषून कापड दमट राहतं आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. नायलॉनला उन्हाचं वावडं आहे, म्हणून वाळवायलाही उन्हात फडकवत ठेवायचं नाही. छोट्या भोकावर दोन्ही बाजूंनी रिपस्टॉप टेप लावा, टेपचे कोपरे कात्रीने गोल करून. चौकोनी कोपरे आधी सुटतात. टेप लावण्यापूर्वी ती जागा गोड्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. हेड, टॅक आणि क्लूच्या जाड पट्ट्यांजवळची शिवण उसवली असेल तर टेपवर भागवू नका, ती शीडवाल्याकडेच द्या.